मृतांच्या नावाचे दान : अनागारिक धर्मपाल यांचे जीवन



घरातले माणूस गेले की आपल्या वस्तीत तिसऱ्या दिवशी एक प्रश्न हमखास उभा राहतो. दहावे-तेरावे सोडले, पिंड सोडला, कावळ्याची वाट पाहणे सोडले. मग आता करायचे काय? घरातली म्हातारी विचारते, भावकीतले चार लोक विचारतात, आणि ज्यांना आपले धम्मांतर अजून सलते असे गावकरी कुत्सितपणे विचारतात, की तुमच्या धर्मात मेलेल्या माणसासाठी काहीच नाही काय?

बावीस प्रतिज्ञांपैकी सहावी प्रतिज्ञा तुम्हाला पाठ आहे. श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, असे आपण परमपूज्य बाबासाहेबांच्या मागोमाग एकमुखाने म्हटले. या प्रतिज्ञेने जुने काढून टाकले. परंतु रिकाम्या झालेल्या जागी काय ठेवावयाचे हे ज्याला उमगत नाही, त्याच्या घरात जुने मागच्या दाराने परत येते. मग भटजी न बोलावता तेरावे होते. जलदान विधीच्या नावाखाली सारी भावकी जेवून जाते आणि मागे राहिलेली विधवा बाई दोन-दोन वर्षे त्या जेवणाचे कर्ज फेडीत बसते. पिंड गेला, पण कर्ज राहिले. मग बदलले काय?

आपल्या माणसाच्या आठवणीचे काय करावे, हा प्रश्न ज्याच्या आयुष्यात वारंवार आला आणि ज्याने त्याचे उत्तर दवाखाने, ग्रंथ आणि विहार उभे करून दिले, अशा एका थोर पुरुषाचे जीवन आज तुमच्यापुढे ठेवायचे आहे. अनागारिक धर्मपाल हे त्यांचे नाव. सारनाथला जाऊन आलेल्या प्रत्येकाने त्यांचे काम पाहिले आहे. मात्र त्यामागची माणसे फार थोड्यांना ठाऊक आहेत.

कोलंबोचा मुलगा

धर्मपालांचा जन्म १७ सप्टेंबर १८६४ रोजी सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, कोलंबो शहरी झाला. वडील डॉन कॅरोलिस हेवावितारणे हे लाकडी सामानाचे मोठे व्यापारी. आई मल्लिका ही श्रद्धाळू उपासिका. मुलाचे नाव मात्र डॉन डेव्हिड. बुद्धाला शरण गेलेल्या घरातल्या मुलाला हे परके नाव का, असा प्रश्न तुम्हाला पडेल. त्या काळी सिलोनवर इंग्रजांचे राज्य होते, आणि सरकारदरबारी किंवा शाळेत मान हवा असेल तर ख्रिस्ती नाव लावावे लागे. परक्यांनी लादलेले नाव अंगावर वागवणे म्हणजे काय, हे तुम्हाआम्हाला समजावून सांगण्याची गरज नाही.

हा मुलगा मिशनऱ्यांच्या शाळांत शिकला. त्याच्या शाळकरी वयातील एक प्रसंग सांगितला जातो. शाळेतला एक सोबती वारला. शिक्षकांनी मुलांना प्रेताभोवती उभे करून प्रार्थना करण्यास सांगितले. सर्वांनी डोळे मिटले. या मुलाने मात्र इतरांचे चेहरे पाहिले. त्याला त्या चेहऱ्यांवर भक्ती दिसली नाही, भीती दिसली. मरणाच्या भयापोटी माणूस हात जोडतो, ही गोष्ट त्याच्या मनावर तेव्हापासून कोरली गेली. वाचकहो, हा प्रसंग लक्षात ठेवा. मृत्यूपुढे भीतीने करायचे कर्मकांड आणि मृत्यूपुढे प्रेमाने करायचे दान, यांतला फरक त्या मुलाने पुढे आयुष्यभर शोधला.

१८८० साली कर्नल ऑल्कॉट सिलोनला आले आणि त्यांनी जाहीरपणे पंचशील ग्रहण केले. एक गोरा माणूस बुद्धाला शरण गेला, याचा त्या गुलाम देशातील बौद्धांवर विलक्षण परिणाम झाला. डॉन डेव्हिड ऑल्कॉट यांच्या कामात ओढला गेला. सरकारी कचेरीतली नोकरी त्याने सोडली. १८८६ साली तो ऑल्कॉट यांच्याबरोबर बैलगाडीतून खेडोपाडी हिंडला, शाळांसाठी पैसा जमवला आणि लोकांना परकी नावे टाकून देण्यास सांगितले. स्वतःही त्याने जुने नाव टाकले आणि धर्मपाल हे नाव घेतले. ज्याला घर नाही तो अनागारिक. भिक्षूचे चीवर न घेता, पण लग्न आणि संसार सोडून धम्माचे काम करणारा, असा हा नवा मार्ग त्यांनी पत्करला.

गयेचा पिंड आणि बोधगयेचा वृक्ष

२२ जानेवारी १८९१ रोजी धर्मपाल आणि त्यांचे जपानी सोबती भिक्षू कोझेन गुणरत्न बोधगयेला पोहोचले. जेथे तथागतांना सम्यक् संबोधी प्राप्त झाली ती भूमी शैव महंताच्या ताब्यात होती. मूर्ती विखुरलेल्या होत्या, पूजेची व्यवस्था नव्हती आणि बौद्धांना तेथे कसलाच अधिकार नव्हता. वज्रासनावर मस्तक टेकताच, ही जागा सोडून जायचे नाही, असा निश्चय त्या सव्वीस वर्षांच्या तरुणाने केला. त्याच वर्षी ३१ मे रोजी कोलंबोत महाबोधी सभेची स्थापना झाली. पुढल्या वर्षी कलकत्त्याहून (आजचे कोलकाता) 'महाबोधी' हे मासिक सुरू झाले.

आता भूगोलाची एक गोष्ट ध्यानात घ्या. बोधगयेपासून गया शहर दहा-बारा किलोमीटरवर आहे. गया हे हिंदूंचे पिंडदानाचे सर्वांत मोठे क्षेत्र. देशभरातून लोक तेथे येतात, फल्गू नदीच्या काठी पितरांना भाताचे आणि पिठाचे गोळे वाहतात. गयेच्या यात्रेत बोधिवृक्षाखालीही पिंड पाडण्याची चाल होती. ज्या महापुरुषाने कर्मकांडाला नकार दिला, त्याच्याच बोधिवृक्षाखाली मृतांच्या नावाने पिंड आणि दक्षिणा चालू होती. धर्मपाल त्या भूमीत राहिले, त्यांनी हे जवळून पाहिले.

बोधगयेच्या मंदिरासाठी त्यांनी जन्मभर झगडा दिला. १८९५ च्या फेब्रुवारीत जपानहून आलेली बुद्धमूर्ती त्यांनी मंदिराच्या वरच्या मजल्यावर बसवली, तेव्हा महंताच्या माणसांनी ती काढून टाकली. खालच्या न्यायालयात धर्मपाल जिंकले, कलकत्त्याच्या हायकोर्टात हरले. त्यांच्या हयातीत बोधगया बौद्धांना मिळाली नाही. १९४९ साली बिहार सरकारने कायदा केला आणि मंदिराच्या व्यवस्थापन समितीत बौद्धांना हिंदूंच्या बरोबरीने जागा दिल्या. पूर्ण अधिकार त्या कायद्यानेही दिला नाही. पण हा झगडा चालवायला, मासिक काढायला, धर्मशाळा बांधायला पैसा लागत होता. तो पैसा आला कोठून? येथून आपल्या विषयाला सुरुवात होते.

समुद्रापलीकडची उपासिका

१८९३ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील शिकागो येथे सर्वधर्मपरिषद भरली. धर्मपालांनी तेथे बौद्ध धम्माची बाजू मांडली. परतताना त्यांचे जहाज ऑक्टोबरमध्ये प्रशांत महासागरातील हवाई बेटांच्या होनोलुलू बंदरात थांबले. तेथे एक एकोणपन्नास वर्षांची बाई त्यांना भेटायला जहाजावर आली. तिचे नाव मेरी फॉस्टर.

मेरी फॉस्टर श्रीमंत होती. तिचे वडील जेम्स रॉबिन्सन हे इंग्लंडहून आलेले जहाजे बांधणारे कारागीर; त्यांनी होनोलुलूत मोठा धंदा उभा केला होता. तिच्या आईच्या अंगी हवाईच्या मूळ सरदार घराण्याचे रक्त होते. वडील जाऊन बरीच वर्षे झाली होती. नवरा थॉमस फॉस्टर १८८९ मध्ये वारला होता. मूलबाळ नव्हते. त्याच १८९३ च्या जानेवारीत तिच्या देशाच्या राणीचे राज्य परक्या व्यापाऱ्यांनी उलथून टाकले होते. घर, माणसे, देश, सारेच हातातून निसटत होते. मन थाऱ्यावर नव्हते. राग अनावर होई. हा राग कसा आवरावा, हेच विचारायला ती आली होती.

धर्मपालांनी तिला मंत्र दिला नाही, ताईत दिला नाही, नवस सांगितला नाही. मनात राग उठतो तो उठताच कसा ओळखावा आणि त्याच्या स्वाधीन न होता त्याला कसे आवरावे, ही बुद्धाची शिकवण त्यांनी तिला थोडक्यात सांगितली. जहाज निघून गेले. परंतु त्या थोड्या वेळाच्या भेटीचे फळ पुढे सदतीस वर्षे मिळत राहिले. १९०६ साली धर्मपालांचे वडील वारले. तोवर मुलाच्या कामाला त्यांचा मोठा आधार होता. तो आधार गेल्यावर मेरी फॉस्टरची मदत हाच महाबोधी सभेचा कणा झाला. कलकत्त्यातील सभेची जागा, विहार, शाळा, मासिक, या सर्वांत तिचा पैसा आहे.

त्यातले एक दान आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचे आहे. १९१३ साली धर्मपाल पुन्हा होनोलुलूला गेले, तिचे आभार मानण्यासाठी. त्यानंतर तिच्या देणगीतून कोलंबोत गोरगरिबांसाठी एक मोफत रुग्णालय सुरू झाले. त्याला फॉस्टर रॉबिन्सन रुग्णालय असे नाव दिले गेले. रॉबिन्सन हे तिच्या वडिलांचे नाव. बघा, जेम्स रॉबिन्सन या इंग्रज कारागिराने कोलंबोतले गरीब कधी पाहिले नसतील. त्याची मुलगी बौद्ध होईल, हेही त्याच्या स्वप्नात आले नसेल. पण मुलीच्या दानामुळे हजारो कोस दूरच्या शहरात, ताप आलेल्या मुलाला कडेवर घेऊन आलेली आई त्याचे नाव असलेल्या दारातून आत जाऊ लागली.

येथे क्षणभर थांबा आणि विचार करा. जुन्या धर्माप्रमाणे पिंडाचा अधिकार मुलाचा. ज्याला मुलगा नाही त्याला गती नाही, असे आपल्या आयाबहिणींना पिढ्यानपिढ्या सांगितले गेले. मुलगा व्हावा म्हणून किती जणींनी नवस केले, किती जणींनी मार खाल्ला, किती जणींच्या घरात सवत आली! मेरी फॉस्टर मुलगी होती आणि तिला स्वतःला मूल नव्हते. धर्मपाल ब्रह्मचारी होते. जुन्या हिशेबाने तिच्या वडिलांच्या नावाने तिला काही करण्याचा अधिकार नव्हता, आणि तिच्या किंवा धर्मपालांच्या मागे तर पाणी सोडायलाही कोणी नव्हते. दानाच्या मार्गात असा मज्जाव नाही. मुलगी, सून, बहीण, विधवा, शेजारी, मित्र, कोणीही गेलेल्याच्या नावाने देऊ शकतो. हा बदल लहान नाही.

भावाच्या इच्छेतून निघालेले ग्रंथ

धर्मपाल हे थोरले. त्यांच्या पाठच्या भावांपैकी सायमन हेवावितारणे १९१३ साली वारले. जाताना त्यांनी आपल्या संपत्तीतला वाटा बौद्ध ग्रंथांच्या प्रकाशनासाठी ठेवला. त्या पैशातून पालि अट्ठकथांची, म्हणजे त्रिपिटकावरील जुन्या भाष्यांची, एक ग्रंथमाला सिंहली लिपीत निघू लागली. या मालेला सायमन यांचेच नाव आहे. ताडपत्रांवर, जुन्या विहारांच्या पेट्यांत पडलेले ग्रंथ विद्वान भिक्षूंनी तपासले, शुद्ध केले आणि ते छापून अभ्यासकांच्या हाती आले. जगभरचे पालीचे अभ्यासक या आवृत्तीचा आधार घेत आले आहेत.

या मालेचा पहिला ग्रंथ १९१७ साली निघाला. तो पेतवत्थूची अट्ठकथा होता. पेतवत्थू म्हणजे गेलेल्या माणसांविषयीच्या कथांचा ग्रंथ, आणि त्याचा सारा भर दानावर आहे. त्यात राजा बिंबिसाराची कथा येते. राजाने राजगृहात बुद्धप्रमुख भिक्षुसंघाला अन्न, पाणी आणि वस्त्र दिले आणि ते पुण्य आपल्या मृत आप्तांच्या नावे अर्पण केले, असे ती सांगते. एका मृत भावाच्या पैशातून निघालेला पहिलाच ग्रंथ मृतांच्या नावे केलेल्या दानाचा असावा, हे मनात ठेवण्यासारखे आहे.

तुमच्यापैकी शिकलेली तरुण मंडळी येथे मला अडवतील. भूतप्रेत आम्ही मानीत नाही, आत्मा मानीत नाही, मग या कथांचे काय करायचे, असे ते विचारतील. त्यांचे विचारणे रास्त आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी आत्म्याच्या कल्पनेला थारा दिलेला नाही. मेलेल्याला अन्न पोहोचते असे आपण म्हणत नाही. पण कथेतून भुते वजा केली तरी काय उरते ते पाहा. भुकेल्याला अन्न मिळाले, उघड्याला वस्त्र मिळाले, देणाऱ्याच्या मनातला शोक सत्कर्माकडे वळला, आणि गेलेल्या माणसाचे नाव एका चांगल्या कामाला जोडले गेले. एवढे आपल्याला पुरेसे आहे.

सिंहलदेशातील बौद्ध घरांत माणूस गेल्यावर सातव्या दिवशी, तीन महिन्यांनी आणि वर्षाने भिक्षुसंघाला दान देण्याची रीत आहे. त्या वेळी भांड्यातले पाणी वाटीत ओततात आणि वाटी भरून पाणी बाहेर वाहू लागेपर्यंत गाथा म्हणतात. आपल्याकडच्या जलदान विधीचे नाते या रीतीशी आहे. वाटी भरून वाहते याचा अर्थ सरळ आहे. आपल्या घरात भरून जे उरेल ते बाहेर वाहू द्यावे. वाटी रिकामी असताना कर्ज काढून पाणी ओतावे, असा त्याचा अर्थ कधीच नव्हता.

दुःखाची वर्षे

धर्मपालांच्या वाट्याला केवळ मान आला असे समजू नका. १९१५ साली सिलोनमध्ये दंगे झाले. इंग्रज सरकारने लष्करी कायदा पुकारला आणि कित्येक बौद्ध पुढाऱ्यांना धरले. धर्मपालांचे भाऊ एडमंड यांना जन्मठेप झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते जाफनाच्या तुरुंगात तापाने वारले. धर्मपाल तेव्हा कलकत्त्यात होते. सरकारने त्यांच्यावरही निर्बंध घातले आणि काही वर्षे त्यांना त्या शहरात अडकून राहावे लागले. कनिष्ठ बंधू डॉ. चार्ल्स हेवावितारणे हे कुटुंबाच्या धर्मकार्याचा मोठा भार वाहत होते. तेही १९२९ साली रेल्वे अपघातात गेले. थोरल्या भावाने एकामागून एक तीन धाकटे भाऊ गमावले.

निर्बंधांच्या त्या वर्षांतच कलकत्त्यात धर्मराजिक विहाराचे काम चालू होते. नोव्हेंबर १९२० मध्ये तो विहार उघडला आणि आंध्रातील भट्टीप्रोलू येथे सापडलेला बुद्धांचा अस्थिधातू त्यात ठेवण्यात आला. इथेही मेरी फॉस्टरचे दान होतेच.

थोर माणसाचे सर्वच आपण उचलावे असे नाही, हेही सांगितले पाहिजे. धर्मपालांच्या लेखणीतून परधर्मीयांविषयी कठोर शब्द अनेकदा बाहेर पडले. परक्या राज्याचा संताप त्यामागे होता, तरी ते शब्द मैत्रीच्या शिकवणीला धरून नव्हते. भारतातही त्यांचा वावर बहुतेक शिकलेल्या, वरच्या वर्गातील लोकांत राहिला; गावकुसाबाहेरच्या माणसापर्यंत धम्म नेण्याचे कार्य बाबासाहेबांनाच करावे लागले. परंतु मिळालेला पैसा स्वतःच्या सुखाला न लावता, देणाऱ्याच्या हेतूप्रमाणे खर्च करणे आणि 'महाबोधी' मासिकातून देणग्या छापून लोकांपुढे ठेवणे, ही त्यांची शिस्त आपल्या प्रत्येक विहार-समितीने घ्यावी अशीच आहे.

सारनाथ

तथागतांनी पाच भिक्षूंना पहिला उपदेश केला ते सारनाथ, धर्मपालांनी १८९१ मध्ये प्रथम पाहिले तेव्हा ओसाड होते. तेथे पुन्हा विहार उभा राहावा, हा त्यांच्या आयुष्याचा दुसरा ध्यास. १९२२ च्या नोव्हेंबरात मूलगंधकुटी विहाराची पायाभरणी झाली. पुरातत्त्व खात्याने जागेविषयी हरकत घेतली, काम रखडले, जागा बदलावी लागली, खर्च वाढला. नऊ वर्षे गेली. वडिलोपार्जित संपत्तीतला आपला वाटा धर्मपालांनी १९३० मध्ये विश्वस्त निधी करून धम्मकार्याला बांधून दिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये होनोलुलूत मेरी फॉस्टर वारली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी. तिने आपली बाग त्या शहराला देऊन टाकली. धर्मपालांनी नेऊन दिलेल्या अनुराधपूरच्या बोधिवृक्षाच्या रोपाचे झाड त्या बागेत वाढले आहे.

११ नोव्हेंबर १९३१ रोजी मूलगंधकुटी विहाराचे उद्घाटन झाले. ज्या बाईच्या दानाचा त्यात मोठा वाटा होता, तिला जाऊन अकरा महिने होत आले होते. तिने तो विहार डोळ्यांनी पाहिला नाही. धर्मपाल तेव्हा आजारी होते. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली होती. जानेवारी १९३३ मध्ये त्यांनी उपसंपदा घेतली आणि २९ एप्रिल १९३३ रोजी सारनाथलाच त्यांनी देह ठेवला.

ते दान आपल्यापर्यंत कसे आले

हे सारे परक्या देशातल्या श्रीमंतांचे, आपल्याशी त्याचा संबंध काय, असे म्हणू नका. १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, तेव्हा बनारसच्या महाबोधी सभेकडून त्यांना स्वागताची तार आली. धर्मपालांना जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. पण त्यांनी उभे केलेले घर जागे होते. बाबासाहेबांचा बुद्ध आणि त्यांच्या धर्माचे भवितव्य या विषयावरचा प्रसिद्ध लेख १९५० साली छापला गेला तो 'महाबोधी' मासिकात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्म स्वीकारला, तेव्हा धर्मपालांचे शिष्य आणि महाबोधी सभेचे सरचिटणीस देवप्रिय वलीसिंह तेथे हजर होते. आणि त्यानंतर पुढल्याच महिन्यात, महापरिनिर्वाणापूर्वी काही दिवस, बाबासाहेब सारनाथला गेले. एका विधवा बाईने समुद्रापलीकडून पाठवलेल्या पैशाचा ओघ असा आपल्या दीक्षेच्या वाटेपर्यंत आला आहे.

आपल्या मुंबईतही याच जातीचे एक उदाहरण आहे. मुंबई सेंट्रलचे नायर रुग्णालय कोणाला ठाऊक नाही? आपल्यापैकी कितीतरी जण तेथे जन्मले, कितीतरी जण तेथे बरे झाले. त्याचे पूर्ण नाव बाई यमुनाबाई लक्ष्मण नायर रुग्णालय. डॉ. आनंदराव नायर यांनी १९२५ साली ते आपल्या आईच्या स्मरणार्थ उभारले. डॉक्टर स्वतः बुद्धाच्या धम्माचे अनुरागी होते. रुग्णालयाच्या आवारात त्यांनी आनंद विहार उभा राहू दिला. आता ते रुग्णालय महापालिकेचे आहे. शंभर वर्षे झाली, रोज शेकडो गरीब यमुनाबाईंच्या दारात येतात. कोणत्या श्राद्धाने एखाद्या आईला एवढे दिले?

आपण काय करावे

तुम्ही म्हणाल, आम्ही हातावर पोट असलेली माणसे, आम्ही रुग्णालये कोठून बांधणार? बांधू नका. बाराव्या प्रतिज्ञेने आपण ज्या दहा पारमितांचे पालन करण्याचे वचन दिले आहे, त्यांत दान आहे. आणि दानाची किंमत रकमेवरून ठरत नाही. ज्या जेवणावळीसाठी तुम्ही कर्ज काढणार होता, ती रद्द करा. कर्ज अजिबात काढू नका. घरात सहज देता येईल तेवढेच द्या, मग ते पन्नास रुपये का असेनात. गेलेल्या माणसाला काय आवडत होते ते आठवा. वडील निरक्षर असून मुलांना शाळेत ढकलणारे असतील, तर वस्तीतल्या एका पोराची परीक्षेची फी भरा. आई सुईण असेल, तर जवळच्या दवाखान्याला चादरी द्या. भाऊ वाचनवेडा असेल, तर विहारात त्याच्या नावाने पुस्तकांचे एक कपाट सुरू करा आणि दर वर्षी त्यात चार पुस्तके घाला. नेत्रदान करणाऱ्याला तर एक पैसाही लागत नाही.

भिक्षुसंघाला भोजनदान जरूर द्यावे, पण भावकीच्या धाकाने नव्हे. संगमरवरी पाटीवर किती मोठ्या अक्षरांत नाव येते, याचा विचार सर्वांत शेवटी करावा, किंवा करूच नये. दिलेल्या पैशाची पावती घ्यावी आणि वर्षाने त्याचा हिशेब विचारावा. विहार-समितीनेही तो न विचारता द्यावा. आणि हे दान एका दिवसात संपवू नये. दर पुण्यतिथीला थोडेथोडे द्यावे. वर्षे जातात तसे रडू ओसरते; त्या जागी दर वर्षी एक चांगले काम होत राहिले, तर ते माणूस आपल्या घरात चालतेबोलते राहते.

मी शाळेत शिकवतो. पहिल्या पिढीचा पदवीधर आहे. माझ्यासारख्या कित्येकांचे शिक्षण कोणा ना कोणाच्या दानावर झाले. ज्यांनी दिले त्यांतले बहुतेक आज नाहीत, आणि त्यांची नावेही आम्हाला ठाऊक नाहीत. पण मुलांच्या वहीवर मी जेव्हा अक्षर गिरवून देतो, तेव्हा त्या दानाचा एक अंश पुढे जातो, एवढे मला कळते.

तेव्हा पुढच्या वेळी भावकीतल्या कोणी विचारले, की तुमच्या धर्मात मेलेल्यासाठी काय आहे, तर खाली मान घालू नका. त्याला सांगा, आमच्याकडे गेलेल्याच्या नावाने जिवंत माणसाला देतात. नायर रुग्णालयाच्या दारावरचे नाव त्याला दाखवा. सारनाथला गेलात तर मूलगंधकुटी विहार दाखवा. एवढ्यावरही त्याचे समाधान झाले नाही, तर आपल्या आईच्या नावाने ज्या मुलीची फी भरली आहे, त्या मुलीचे प्रगतिपुस्तक त्याच्या हातात द्या.

जय भीम.